माझ्या गळ्यातली पिशवी

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगायची असते आणि मधूनमधून सुस्कारे टाकायचे असतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. मी जुनी मोटारगाडी आहे आणि मी भयंकर संतापलेली आहे. माझं म्हणणं आधी पुरतं ऐकून घ्या, मग मी म्हातारचळ लागल्यासारखी बोलते असं खुशाल म्हणा.

'पेट्रोल ढोसते नुसती', 'टाकीला भोक आहे की काय हिच्या', 'पोसायची कुणी ही म्हातारी' ही वाक्यं माझ्या तोंडावर बोलली गेली आहेत. आणि बोललं कोण? ज्याच्यामुळे मला जास्त पेट्रोल प्यावं लागत होतं, तोच! वर माझं इंजिन काढून माझ्या पोटात माती भरायची आणि फुलझाडं लावायची, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. मला तळपाय नाहीत, पण सायलेन्सरपासून बॉनेटपर्यंत आग गेली म्हणजे काय होतं ते मी अनुभवलं आहे.

असो. सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पत्रे ठोकण्याचा एवढा गलका असायचा की कामगार हातवारे करून एकमेकांशी बोलायचे. मला पहिल्यांदा सुरू करणाऱ्या माणसाने बॉनेटवर कान टेकला, मान डोलावली आणि एक थाप मारली. तेव्हा माझा रंग गडद हिरवा होता आणि चाकांवरच्या चकत्यांमध्ये तोंड दिसायचं. पुढे एका घड्याळजींनी मला घरी आणलं. घरात त्यांना बाबा म्हणायचे, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबा दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात डोकावायचे आणि सुट्टीच्या सकाळी माझ्या. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासायचे, पॉइंटमधली फट पातळ पट्टी घालून बघायचे, कार्बोरेटरचा स्क्रू किंचितसा फिरवायचे आणि मग नुसते उभे राहून ऐकायचे. आई ओट्यावरून ओरडायची, "अहो, चहा गार झाला!" पण बाबा हात वर करायचे, म्हणजे थांब जरा. माझा आवाज एकसारखा, घट्ट विणल्यासारखा आला की मगच ते हात पुसायचे. त्या काळात माझं ॲव्हरेज ऐकून शेजारपाजारचे लोक चाट पडायचे.

मित्रांनो, इथे थोडं समजून घ्या, नाहीतर माझा राग तुम्हाला कळणार नाही. इंजिन नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. त्याला पेट्रोल आणि हवा दोन्ही लागतात, तीही ठरावीक प्रमाणात. हे मिश्रण करणारं भांडं म्हणजे कार्बोरेटर. त्यात बारीक भोकाचा एक पितळी तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. पेट्रोल त्यातून येतं. ते जास्त आलं तर पुरतं जळत नाही, काळा धूर निघतो, प्लग काजळतात. कमी आलं तर इंजिन तापतं, आतून ठोके देतं आणि आतले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, जळतात. म्हणजे दोन्हीकडून हाल माझेच.

सकाळी मात्र इंजिन गार असतं आणि नेहमीच्या मिश्रणाने ते पेट घेत नाही. त्यासाठी माझ्या डॅशबोर्डवर चोकची एक काळी मूठ आहे. ती बाहेर ओढली की हवेची वाट आवळली जाते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. इंजिन गरम झालं की मूठ आत ढकलायची. ती बोटभर जरी बाहेर राहिली, तरी मी दिवसभर पेट्रोल गिळत राहते. त्यात माझ्या मर्जीचा काही प्रश्नच नसतो. बाबा अंगठ्याने मूठ आत दाबायचे आणि म्हणायचे, "झाली न्याहारी. आता कामाला लागा, बाई."

आईला गाडी बाबांनीच शिकवली. ती आधी स्टिअरिंगला अशी धरायची की जणू मी पळून जाणार आहे. पण शिकली ती पक्की शिकली. गिअर बदलताना कधी माझे दात वाजू दिले नाहीत तिने.

बाबा गेले. त्यांच्या मागे आईने एक गोष्ट कधी चुकवली नाही, ती म्हणजे मावशीकडची रविवारची फेरी. मावशी ही आईची धाकटी बहीण. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. पुढे तिची दृष्टी हळूहळू गेली आणि ती टेकडीवरच्या वृद्धनिवासात राहायला गेली. तिथे बस जात नाही. रिक्षावाले चढ बघून तोंड फिरवतात. मी मात्र जायची. मावशी फाटकाजवळच्या बाकावर बसलेली असायची. मी शेवटच्या वळणाला लागले, की मी कुणाला दिसायच्या आधीच ती काठी टेकत उठायची आणि म्हणायची, "ताई आली." मग आई तिला माझ्यात बसवून टेकडीभोवती एक चक्कर मारायची. दोघी काचा खाली करून लहान मुलींसारख्या खिदळायच्या. मित्रांनो, मला कुणी विचारलं की तू जन्माला येऊन काय केलंस, तर मी हेच सांगेन.

आता चिरंजीवांकडे वळते.

चिरंजीव म्हणजे आई-बाबांचा एकुलता एक मुलगा. याचा धंदा काय, तर कानाला लावायची यंत्रं विकणं! दवाखान्यांमधून फिरून डॉक्टरांना नवी यंत्रं दाखवायची. स्वतःची चकचकीत गाडी एकदा खांबाला नेऊन धडकवली, ती दुरुस्तीला गेली आणि कशी कोण जाणे, तिथेच पडून राहिली. म्हणून सोमवार ते शनिवार मला जुंपलं. मला कामाचं वावडं नाही. मी आनंदाने निघाले.

यंत्रांचे नमुने त्याच्या एका पिशवीत असायचे. नाजूक माल. सीटवर ठेवली की ब्रेक मारल्यावर पिशवी कलंडायची. मग या शहाण्याला खुंटी सापडली. सकाळी मला सुरू करायला चोकची मूठ ओढायचा, ती बाहेर आली की पिशवीचा बंद तिच्या मानेत अडकवायचा, आणि निघायचा! याच्या चकचकीत गाडीत चोक नव्हताच. त्यामुळे एकदा इंजिन सुरू झालं की या मुठीचं काम संपलं, अशी याची पक्की समजूत. दवाखाना आला की पिशवी काढायची, मूठ टापटीपपणे आत ढकलायची आणि उतरायचं. परत आला की पुन्हा ओढायची, पुन्हा पिशवी.

म्हणजे दिवसभर माझी मान आवळलेली, आणि गाडी थांबली की गळा मोकळा. मूठ आत, सगळं जिथल्या तिथे. कुणाला काही कळायला जागाच ठेवली नाही त्याने.

मी काय गप्प बसले? अजिबात नाही. मी काळा धूर सोडला. पेट्रोलचा वास सोडला. सिग्नलला थरथरले. मागच्या स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावून शिव्या घातल्या. एक गाडी याहून जास्त काय बोलणार? पण ऐकण्याची यंत्रं विकणारा हा माणूस काच वर करून घ्यायचा, आणि पंपावर टाकी भरताना माझ्या नावाने बोटं मोडायचा.

मग सुरू झाले उपाय. कुणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधला. त्याने काय होणार होतं ते त्या चुंबकालाच माहीत. टायरमध्ये हवा एवढी ठासली की मी खडीवरून चेंडूसारखी उडायला लागले. वजन कमी करायचं म्हणून जादा चाक काढलं, जॅक काढला, एवढंच काय, मागची सीटसुद्धा उचलून माळ्यावर टाकली! उतारावर इंजिन बंद करायची नवी खोड लागली. उतार संपला की पुन्हा सुरू करायला चोक, आणि चोकवर पिशवी. सांगा, कुठे डोकं आपटू मी?

शेवटी एका सोमवारी मला मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने प्लग काढले. काळेकुट्ट.

"साहेब, पेट्रोल जास्त जातंय."

"ते मला पंपावरही कळतं. कमी कर."

"लहान जेट टाकून देतो. पण मग चढाला ओढणार नाही हं."

"चढाला कोण जातंय!"

मित्रांनो, हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. चढाला कोण जातंय! अरे, तुझी आई जाते! दर रविवारी जाते, तू अंथरुणात लोळत असतोस तेव्हा!

मिस्त्रीने लहान जेट बसवला, टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, थोडं पुढे ओढलं आणि मला गॅरेजच्या दाराशी उभ्याउभ्या चालवून बघितलं. आवाज बारीक झाला, तर मिस्त्रीला तो छान वाटला. अरे मिस्त्री, एकदा चिरंजीवांच्या शेजारी बसून चौकापर्यंत जाऊन आला असतास तर तुझं काय बिघडलं असतं? हा चालवतो कसा, एवढं तरी विचारायचंस! पण त्याच्या दाराशी आणखी गाड्या खोळंबल्या होत्या.

एवढं करूनही पिशवी होतीच. त्यामुळे ॲव्हरेज सुधारलं ते नावापुरतं. शनिवारपर्यंत चिरंजीवांचं डोकं फिरलं. रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेसाठी जुनी गाडी हवी होती. इंजिन काढून टाकायचं, बॉनेटमध्ये माती भरायची, वर फुलझाडं. लोक येऊन फोटो काढतील म्हणे. चिरंजीवांनी शब्द देऊन टाकला, सोमवारी गाडी आणतो म्हणून. आईला सांगताना म्हणाला, "मी तुला टॅक्सी ठरवून देईन ना. महिन्यातून एकदा जा मावशीकडे. दर रविवारी काय असतं एवढं?"

 आईने पोळपाट धुवायला घेतला आणि तो धुऊन झाला तरी धूतच राहिली. मी खिडकीखालीच उभी होते, मला नळाचा आवाज येत होता.

तो शेवटचा रविवार. आई एकटीच निघाली. सवयीप्रमाणे चोक ओढला, मला तापू दिलं, अंगठ्याने मूठ आत दाबली. "झाली न्याहारी," ती हलकेच म्हणाली. आणि मित्रांनो, मी उपाशी पडले. सहा दिवस एकीकडून गळ्यात पेट्रोल कोंबायचं, म्हणून दुसरीकडून जेट लहान केला होता. आता कोंबणं थांबलं, आणि उरला तो नुसता लहान जेट. सपाटीवर मी कशीबशी चालले. चढ लागला तसं आतून डब्यात खडे खुळखुळावेत तसे ठोके सुरू झाले. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. आत काहीतरी जळतंय हे मला समजत होतं, आणि मी काही करू शकत नव्हते. अर्ध्या चढावर मी बंद पडले.

आईने दगड शोधून चाकाला लावला. बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, पंख्याचा पट्टा चाचपला. सगळं ठीक. मी निवल्यावर तिने पुन्हा सुरू केलं, तर मी आचके देऊ लागले. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने मूठ थोडी बाहेर ओढली. मी लगेच दम धरला.

"अगं, तापलेल्या इंजिनाला चोक?" आई मला म्हणाली. "तुला झालंय तरी काय?"

एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने ती मूठ धरून तिने मला वर नेलं. फाटकाशी पोचलो, तर बाक रिकामा. मावशी आतल्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईची चाहूल लागताच ती दचकली.

"ताई? मला वाटलं, आज तू येतच नाहीस. कुठला तरी टेम्पो खोकत आला, म्हणून उठून आत आले."

"आपलीच गाडी होती ती."

"छे! आपल्या गाडीचा आवाज मी ओळखत नाही होय?"

आईने तिचा हात हातात घेतला. आजचा रविवार शेवटचा, हे सांगायला ती आली होती. तिला ते सांगता आलं नाही. मी बाहेर उन्हात उभी होते आणि त्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. ज्या आवाजासाठी बाबांनी इतके चहा गार केले, तो आवाज यांनी माझ्या तोंडून काढून घेतला होता. मला तेव्हा नुसता राग आला नाही, मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

सोमवारी सकाळी चिरंजीव किल्ली फिरवत आले. आई पदर खोचून माझ्याजवळ उभी होती.

"मीही येते हॉटेलपर्यंत. शेवटचं बसते."

आणि ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. आठवड्याच्या दिवशी पहिल्यांदाच. चिरंजीवाने मूठ ओढली, मला सुरू केलं, पिशवीचा बंद मुठीत अडकवला आणि गाडी काढली. आई आधी रस्त्याकडे बघत होती. मग तिने नाक वाकडं केलं. पेट्रोलचा वास. तिने आरशात बघितलं. काळा धूर. मग तिची नजर पिशवीवर आली आणि तिथेच थांबली.

"गाडी बाजूला घे."

"काय झालं?"

"घे म्हणते ना!"

त्याने मला कडेला उभं केलं.

"ही पिशवी इथे कशाला?"

"तिथेच असते. सीटवर ठेवली की पडते. नाजूक माल आहे, आई."

"रोज इथेच असते?"

"हो. का गं?"

"अरे, तो चोक आहे!"

"माहितीये मला. पण गाडी सुरू झाली ना? मग त्याचं काय काम? पेट्रोल तर मी मिस्त्रीकडून लहान जेट टाकून कमी करून घेतलंय."

मी धुराचा असा एक भपकारा सोडला म्हणून सांगू! आईने पिशवी काढून त्याच्या मांडीवर आदळली. नाजूक मालासकट. मग अंगठ्याने मूठ आत दाबली. मी दोन आचके दिले आणि बंद पडले.

"ऐकलंस?" आई म्हणाली.  "उपाशी आहे ती. आधी दिवसभर तिच्या तोंडात कोंबलंस, आणि खाते खाते म्हणून बोंब ठोकून तिच्या पुढचं ताट काढून घेतलंस. काल चढावर मी एकटी होते. तिचा जीव चालला होता, आणि माझाही."

चिरंजीवाचा चेहरा उतरला. "मिस्त्रीला कसं कळलं नाही मग?"

"कळणार कसं? तू पिशवी घेऊन उतरतोस आणि मूठ आत ढकलून ठेवतोस."

"बाबा मला कधी बोलले नाहीत."

"रोज सकाळी बोलायचे, मोठ्याने. झाली न्याहारी म्हणायचे. मागे बसून तू हसायचास. जगाला ऐकायला लावतोस, घरातलं तेवढं तुला ऐकू येत नाही."

 मग हा गृहस्थ पुटपुटतो काय, तर "पण हॉटेलवाल्यांना शब्द दिलाय."

"तू दिलास ना? मग तूच जाऊन उभा राहा त्यांच्या दारात, डोक्यावर कुंडी घेऊन! उतर. गाडी मी चालवते."

तो उतरला आणि मुकाट्याने दुसऱ्या बाजूने येऊन बसला. आईने मूठ थोडी बाहेर धरून मला थेट मिस्त्रीकडे नेलं. जुना जेट मिस्त्रीच्या डबीत पडलेला होता. इंजिनाचं हेड उघडलं, तर एक व्हॉल्व्ह कडेला जळालेला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पिशवी टांगता हे सांगायचं ना." माझं इंजिन तेव्हा उघडलेलं होतं म्हणून, नाहीतर त्याच्या तोंडावर धूर सोडला असता. सांगायचं म्हणे! आणि तू विचारायचं नाहीस होय?

नवा व्हॉल्व्ह बसला, जेट बसला, टायमिंग जागेवर आलं. चुंबक आईने स्वतः काढला आणि फ्रिजच्या दारावर लावला. मागची सीट माळ्यावरून उतरवताना चिरंजीवांना चांगला घाम फुटला. पण जे जळलं ते जळलं. माझ्या आवाजात आता एक बारीक टकटक राहिली आहे, ती जात नाही. चिरंजीवाने आईची माफी मागितली. माझी कुणी मागितली नाही. ते मी अजून मनात धरून आहे.

पुढच्या रविवारी आई त्यालाही घेऊन निघाली. चढावर मी न थांबता गेले. शेवटच्या वळणाला मला स्टिअरिंगवर आईची बोटं घट्ट झालेली कळली. वळण संपलं. बाकावर मावशी होती, आणि ती उठून उभी राहिलेली होती.

"ताई आली!" ती म्हणाली. मग कान देऊन म्हणाली, "पण घसा बसलाय गं हिचा. कुणी रडवलं हिला?"

चिरंजीव खाली बघत दार उघडायला गेला. मावशीला पुढे बसवलं, तिची पर्स हातात घेतली, आणि काय सांगू मित्रांनो, त्याचा हात सरळ माझ्या मुठीकडे आला! आई नुसती खाकरली. हात मधेच थांबला. पर्स मांडीवर घेऊन तो निमूट मागच्या सीटवर जाऊन बसला.

म्हणून सांगते, मित्रांनो. एखादं यंत्र कुरकुरतंय, जास्त खातंय, धापा टाकतंय, तर त्याला शिव्या घालण्याआधी त्याच्या शेजारी जरा वेळ बसा. त्याच्या गळ्यात तुमचंच काही अडकलेलं नाही ना, ते बघा. आम्हाला तुमच्यासारखी जीभ नाही. आम्ही धूर सोडतो, ठोके देतो, तापतो. ते ऐकायला कानाला यंत्र लावावं लागत नाही.

आणि ती काळी मूठ खुंटी नाही. पुन्हा कुणी तिथे काही टांगलं, तर मी चढावर नाही, भर चौकात बंद पडेन. सांगून ठेवते.